गुणाजींचा रेडियन

मुलुंडच्या एका पंख्यांच्या कारखान्यात गुणाजी परब तयार पंखे तपासायचे. नुसता आवाज ऐकून ते सांगायचे, पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय. पण १९८४ साली सुपरवायझरच्या जागेसाठी लेखी परीक्षा निघाली आणि गुणाजी कोनीय वेगापाशी अडले; तो फेऱ्यांऐवजी रेडियनमध्ये मांडायचा होता.

"फेरे मोजता येतात. रेडियन कुणी बघितलाय?" ते बायकोवरच डाफरले.

रत्नप्रभा शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं डब्याचं झाकण घेतलं, मध्यापासून काठापर्यंत दोरा मापून तोडला. "आता हा काठावरून लावत जा."

दोरा सहा वेळा बसला, वर थोडी जागा उरली.

"झाकण एका दोऱ्याएवढं फिरलं की एक रेडियन. अख्ख्या फेऱ्यात सहा आणि थोडं."

गुणाजी झाकण फिरवत बसले. "म्हणजे मिनिटाला तीनशे फेरे, सेकंदाला पाच. एकतीस रेडियन की गं."

ते पास झाले, आणि घरच्यांची वाट लागली. पुढच्याच रविवारी मेहुणा आला, म्हणाला, "भावोजी, जरा थंडी वाजतेय."

"पंखा एकतीसवर आहे. पंचवीस करू की वीस?"

मेहुणा बहिणीकडे बघायला लागला.

"अहो, हळू करा म्हणतोय तो," रत्नप्रभा म्हणाली.