कार्ड माझं, मामा त्याचे

माझा डावा हात आज सरळ आहे तो कापसातून सरकी काढायच्या जिनात माझ्या शेजारी काम करणाऱ्या सोबत्यामुळे. तो बोरी अरब गावाजवळच्या बंजारा तांड्यावरचा. हे आधीच लिहून टाकतो, कारण तेव्हा मी त्याच्यावर फार जळायचो.

चौथीतून शाळा सोडून मी कोकणातून नागपूरच्या गिरणीत आणि तिथून यवतमाळच्या जिनात आलो. साल सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. कापसाच्या गंजीवरून पडलो आणि मनगट मोडलं. हात वाकडा राहिला तर कामावरून काढतील, या धास्तीनं कुणाला न सांगता हाडवैद्याकडून कामट्या बांधून घेतल्या. सव्वा महिना सोडायच्या नाहीत, अशी त्याची अट. चार दिवसांत बोटं सुजून बधिर झाली.

गिरणीतलं सरकारी विम्याचं कार्ड जवळ होतं, मुदतही शिल्लक होती. पण गावातल्या दोन डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहून परत दिलं. "हे इथं चालत नाही."

सोबत्याच्या लक्षात आलं. "काहून हात लपवून राह्यला बे? माहा मामा दवाखान्यात पाणी भरते. त्याले इचारू."

हॉटेलात याचा मामा, मोटार स्टँडवर मामा, आता दवाखान्यातही मामा! मला त्या गावात नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. मदत करतोय म्हणूनच त्याचा राग आला.

मामानं सांगितलं, बाजाराच्या दिवशी नागपूरचे हाडांचे डॉक्टर येतात, तिकडे गिरणी कामगारांना तेच पाहतात, म्हणून ते कार्ड घेतात. दोघं गेलो. डॉक्टरांनी कार्ड वाचलं. "चालेल. पण आधी या कामट्या सोडा."

मी हात मागे घेतला. वैद्याची अट मोडली आणि हात कायमचा गेला तर?

"भेतं कायले? थो वैद्य माहा काका लागते. त्याच्या शिव्या मी खाईन," म्हणत सोबत्यानंच कामट्यांची सुतळी कापली.

म्हणजे वैद्यसुद्धा याचाच! तशा दुखण्यातही मी जळलो.

हाड वाकडं बसू लागलं होतं. डॉक्टरांनी ओढून सरळ केलं तेव्हा मी किंचाळलो. मला धरून तो बाहेरच्या रांगेला सांगत होता, "माहा भाऊ आहे, कोकणातला." एवढा गोतावळा असताना त्याला आणखी एक भाऊ कशाला हवा होता, कोण जाणे.

प्लास्टर घातलं, ते दीड महिन्यानं निघालं, काम टिकलं.

इतकी वर्षं झाली, त्यानं अजून समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस मी त्याला आमच्या गावी नेणार आहे. तिथं तरी त्याच्या ओळखीचं कुणी नसेल. जे काही लागेल ते त्यानं माझ्याकडे मागावं आणि मी द्यावं.