माझा आखूड कीबोर्ड आणि वहिनींची परीक्षा

घरच्या कीबोर्डवरचे सगळे आकडे मी शिफ्टखाली ढकलले, आणि ढकलले हे विसरून गेलो.

त्या काळात मी प्रोग्रॅम लिहायचो आणि आपण काहीतरी फार मोठं करतोय अशी माझी ठाम समजूत होती. अशा माणसाला साधा कीबोर्ड कसा चालेल? जुन्या सामानाच्या दुकानातून मी एक आखूड कीबोर्ड शोधून आणला. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन त्याला नव्हताच, पण प्रत्येक बटणाखाली खरीखुरी स्प्रिंग होती. दाबलं की टक्क. भावाने तो उलटसुलट करून पाहिला आणि बाकीचा अर्धा कुठे विसरलास म्हणून विचारलं.

मग मी त्याची मांडणी बदलायला घेतली. प्रोग्रॅम लिहिताना आकडे कमी लागतात; कंस, चांदण्या, टक्के असली चिन्हं जास्त. ती आकड्यांच्याच बटणांवर वरच्या अंगाला असतात आणि दर वेळी शिफ्ट दाबावं लागतं. एवढे कष्ट मी का उपसावेत? मी सगळं उलटं केलं. नुसतं बटण दाबलं की चिन्ह, आकडा हवा असेल तर शिफ्ट. कॅप्स लॉक नुसताच बसून खातोय असं वाटलं, म्हणून त्याला खोडायच्या कामाला लावलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही हेच बसवलं. काही महिन्यांत माझ्या बोटांना जगात दुसरी पद्धत असते याचाच विसर पडला. ऑफिसात माझ्या खुर्चीत बसायला कुणी धजत नसे. तो मी माझा वचक समजत होतो.

आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळ राहायचो. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि कॉम्प्युटरसकट मी. भाऊ स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता, आणि तिथलं काम तेव्हा कमी कमी होत चाललं होतं. वहिनींनी नोकरी करायचं ठरवलं. पश्चिमेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला कुणीतरी हवं होतं. महिन्याभराने बोलावून परीक्षा घेणार होते. लग्नाआधी रत्नागिरीला टायपिंगच्या क्लासात वहिनींचा हात चांगला बसला होता, पण तो टाइपरायटरच्या मशीनवर. कॉम्प्युटरला त्यांनी फडक्याशिवाय कशानेच हात लावलेला नव्हता. मेथी निवडताना एकदा मला म्हणाल्या, "ही मिळाली ना भावजी, तर लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी नुसतं माझं असेल." मी मान डोलावली आणि कॉम्प्युटर दुपारभर तुमचाच, असं उदारपणे सांगून टाकलं.

मुलं शाळेत गेली की त्या बसायच्या. बटणांचा आवाज त्यांना फार आवडला, क्लासात बसल्यासारखं वाटतं म्हणाल्या. दोन-तीन दिवसांनी त्यांनी विचारलं, "आकड्यांना शिफ्ट दाबावं लागतं काय हो? आमच्या मशीनला नव्हतं लागत."

मी दाढी करत होतो. मागे वळूनही न बघता आरशाला सांगितलं, "मशीन वेगळं, कॉम्प्युटर वेगळा. ह्याच्यात असंच असतं."

आणि त्यांनी ते मानलं. घरातला कॉम्प्युटरवाला मी, मग न मानायला काय झालं? मुरलेला हात मोडून त्यांनी बोटांना नवं वळण लावलं. चुकलं की स्वतःवरच चिडायच्या. भावाला सांगायच्या, हात गेला माझा, वय झालं आता. मी मधूनमधून धीर द्यायचो, सराव करा, जमेल. महिन्याभरात जमलंही, हे त्यातलं वाईट.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून सोबत गेलो. लॅबच्या मॅडम गुजराती, पण जन्म भाईंदरचा, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी वहिनींना काचेपलीकडे बसवून एक हाताने लिहिलेला रिपोर्ट पुढ्यात ठेवला. मी अलीकडे पेशंटांच्या बाकड्यावर मान उंच करून बसलो. वहिनींनी शुगर असा शब्द लिहिला, शिफ्ट धरलं आणि झोकात एकशे चाळीस मारले. पडद्यावर आलं एक उद्गारचिन्ह, एक डॉलर आणि एक कंस. त्या दचकल्या. खोडायला गेल्या तर करंगळी सवयीने कॅप्स लॉकवर. खोडलं काहीच गेलं नाही, पुढची अक्षरं मात्र सगळी मोठी उमटली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेजारी दंडावर कापूस धरून एक माणूस बसला होता. त्याच्यापेक्षा जास्त रक्त माझं गेलं असेल. मी काचेवर टकटक केलं. मॅडमनी बसा म्हणून हात केला. मी हवेत शिफ्ट दाबून दाखवलं आणि नाही नाही अशी मान हलवली. शेजारचा म्हणाला, "चक्कर आ रहा है क्या?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे. मला वाटलं, आता रडतील आणि उठतील. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि एकच्या बटणावर नुसतं टेकवलं. एक उमटला. मग दोन. क्षणभर त्या हात मांडीवर घेऊन बसल्या. पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, ते कशाला, हे मला विचारावं लागलं नाही. मग मॅडमना म्हणाल्या की पहिल्यापासून करते. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि हो म्हटलं.

त्यानंतर त्यांनी खाली बघितलंच नाही. रत्नागिरीचा हात कुठेही गेलेला नव्हता. एवढे दिवस मीच तो अडवून ठेवला होता.

मॅडमनी एकेका आकड्यावर पेन टेकवत रिपोर्ट तपासला आणि सोमवारपासून या म्हणाल्या. वहिनी हसल्या, पण फक्त मॅडमकडे बघून. मी दारात जाऊन उभा राहिलो. माझे दीर कॉम्प्युटरमधले आहेत हे वहिनींनी आत गेल्या गेल्याच कौतुकाने सांगून ठेवलं होतं, ते मॅडमना आता आठवलं.

"आमचा आतला कॉम्प्युटर जरा हळू चालतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या दिरांना बघायला सांगता का?"

मी एक पाऊल आत टाकलंही होतं.

वहिनींनी पर्स खांद्याला लावली. "हळू का होईना, चालतोय ना मॅडम?" त्या म्हणाल्या. "मग यांना हात लावू देऊ नका."