लुगड्यातला थापट्या

आम्ही नवरा-बायकोनं शेवटचं एकत्र केलेलं साधंसुधं काम म्हणजे बदकांवरून भांडण. इथं गल्फात, तुबलीच्या खाडीकाठी, दिवस कलताना. लेकीचं घर जवळच, झिंजला. ती आम्हाला गाडीनं खाडीवर सोडायची आणि स्वतः गाडीत बसून फोनवर बोलायची.

साफ केलेलं सांडपाणी खाडीत सुटतं, तिथं थंडीच्या तोंडाला थापट्या बदकं उतरतात. हजारो मैल उडून यायचं आणि मुक्काम गटारापाशी. मी गवंडी माणूस, मी काय हसणार! माझाही पहिला मुक्काम काही महालात नव्हता.

हे बदक मला गावच्या तळ्यापासून ठाऊक. चोच म्हणजे माझी थापीच, टोकाला पसरट. घडवणाऱ्याला चोच जमली नसावी, म्हणून त्यानं हातातलं हत्यारच चिकटवून दिलं. चोचीच्या कडांना फणीसारखे दाते. पाणी तोंडात घ्यायचं, दात्यांतून गाळायचं, उरलेला किडा गिळायचा. दिवसभर मुंडी पाण्यात घालून एकामागं एक गोल फिरतात. पुढच्यानं पायांनी ढवळायचं, मागच्यानं खायचं. आमचं ऑफिस असंच चालतं, असं जावई म्हणतो.

बायको कायमची राहायला आली ती या वर्षी. तोवर उभा जन्म मी इथं भिंती लिंपल्या आणि तिनं तिकडं सासू, लेक आणि म्हैस सांभाळली. खाडीवरची सगळी बदकं मातकट, ठिपक्याठिपक्यांची. ती बघून म्हणाली, "अहो, ह्या तर सगळ्या बायकाच! यांच्यात बाया गल्फला येतात वाटतं. नवरे बसले असतील गावाकडं शेण काढत." आणि खोकला येईस्तोवर हसली.

"नर आहेत त्यात," मी म्हणालो. "नराचं डोकं हिरवंगार असतं, छाती पांढरी. पण मादी अंड्यांवर बसली की हा पसार. आपल्यासारखेच चार रिकामटेकडे गोळा करतो आणि दूर पाण्यावर पिसं झाडत बसतो. पिसं झडली की उडताही येत नाही. मग बायकोसारखं मातकट लुगडं नेसून लपतो. तेच नेसून इथं येतो. थंडीत पुन्हा रंग चढतो."

"म्हणजे तुमचीच जात."

"अगं, मी पैसे पाठवत होतो."

"पैसे ओळखीचे होते. तुम्ही नव्हता. पहिल्या सुट्टीला आलात तेव्हा काळे ठिक्कर, दाढी छातीपर्यंत, अंगात कुणाचा तरी कोट. मी पाणी दिलं ते पाहुणा समजून. डोकं हिरवं झालेलं दाखवा, मग मानते. तोवर सगळ्या बायका!"

"दाखवतो. थंडी तर पडू दे."

त्याच रात्री ती झोपेत गेली. सोडून जायचं काम आमच्यात माझं होतं. तेवढं एक होतं, तेही तिनं घेतलं.

सकाळी जावई कागदांमागं धावत होता. घर माणसांनी भरलेलं. इथल्याच हूऱ्याहून आलेल्या एक बाई मला बघून गळा काढून म्हणाल्या, "हंसांची जोडी फुटली हो!"

"हंस कुठले, बाई," मी म्हणालो. "थापट्या होतो आम्ही."

त्या रडायच्या थांबल्या. मी चपला घातल्या. जावयाचा मित्र दारात गाडीची किल्ली फिरवत उभा होता. म्हणालो, "यल्ला, तुबलीला चल."

खाडीवर तेच गरगर फिरणं चाललेलं. सगळी मातकट. डोळे दुखेपर्यंत बघितलं. मग एक पाण्यावर उभा राहिला आणि पंख झटकले. छातीवर पांढरं ठिगळ, डोक्यावर हिरवा डाग. रंगाऱ्यानं एक हात मारावा आणि चहाला निघून जावं, तसा.

"आला बघ!" मी ओरडलो.

मित्रानं काच खाली केली. "काका, कोण आलं?"

"आला नाही, पहिल्यापासून इथंच होता."

घरी आलो. तिला न्यायला अजून अवकाश होता. न्हाणीघरात जाऊन दाढी घोटली, धुतलेला शर्ट घातला. लेक दारात उभी. "आबा, आजच्या दिवशी दाढी करतात का?"

"गेल्या वेळी तिनं ओळखलं नव्हतं," मी म्हणालो.