स्वागतगीताची चाल

मळीचा वास आला की मला आमच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम आठवतो. तेव्हा मी शाळेत संगीत शिकवायचो आणि उद्घाटनाच्या स्वागतगीताला मीच चाल लावली होती. "अशी चाल आजवर कुणाला सुचली नाही," म्हणत अध्यक्षांनी भर सभेत मला शाल पांघरली, तेव्हा मी फुलून गेलो. मांडवाबाहेर आलो तर एक म्हातारी तीच चाल वेगळ्याच शब्दांत गुणगुणत होती. मी विचारल्यावर म्हणाली, "दुष्काळात वडवणीच्या रस्त्यावर खडी फोडताना आमी बाया हेच म्हणायचो की, मास्तर. तुमी रोज सायकलवर जायचे तिथून." माझा चेहरा उतरला, कारण ते खरं होतं. तिला मात्र त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "पण शेवटाला आवाज वर नेलाय, ते आमचं न्हाई. लई गोड हाय. शिकवा मला," ती म्हणाली. मी शिकवलं, आणि तिसऱ्या खेपेला तिनं त्यात असा हेलकावा घातला की तो मला घेताच येईना. आता शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्या गीताखाली माझं एकट्याचं नाव छापतात, आणि मी ते अजून खोडायला सांगितलेलं नाही.