परत किती माणसं?

दुकानात पडून राहिलेला माल मोडीत तरी काढता येतो. किश्श्यांचं तसं नाही, ते साठतच जातात. ठाण्यात माझं किराण्याचं दुकान. वेड्यांच्या इस्पितळात डाळ-तांदूळ माझ्याकडून जायचे, त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा जास्तच.

पूर्वी तिथं तरणी, डोकं फिरलेली माणसं आणत. स्वातंत्र्यानंतर म्हातारी वाढायला लागली. डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, ही कसली साथ?"

"साथ नाही हो शेठ. विसरायला होतं ते म्हातारपणामुळे. इथं आणतात ते घरात खोली एकच म्हणून."

डोंबिवलीच्या एका पेन्शनर मास्तरांना मुलानं "शाळा तपासायला बोलावलंय" म्हणून आणलं. मास्तर कोट-टोपी घालून आले आणि वॉर्डात हजेरी घ्यायला लागले. पेशंट ओळीनं "हजर" म्हणाले. राउंडला आलेले डॉक्टरही म्हणाले.

मास्तर म्हणाले, "उशीर झालाय. मागे उभे राहा."

कळव्याची एक आजी. सगळा जन्म मिठागरात गेलेला. पोरानं "देवाला जाऊ" सांगितलेलं. तिनं फाटकापाशी वहाणा काढल्या, पहारेकऱ्याच्या हातात नारळ दिला. पोरगा एकटाच परत निघालेला दिसला तेव्हा म्हणाली, "देव मानसांना ठेवून घेतो काय रं?"

तो नारळ पहारेकऱ्यानं फोडला नाही. कितीतरी दिवस त्याच्या खोलीत पडून होता.

टांगेवाला बाबू या थापांना फसायचा नाही. सवारीत म्हातारं माणूस आणि कपड्यांचं बोचकं दिसलं की भाडं ठरवण्यापुरतं विचारायचा, "परत किती माणसं?" भलेभले मुलगे खाली बघायचे.

आमच्या दादांना, माझ्या थोरल्या भावाला, विसर पडायला लागला तो वहिनी गेल्यावर. चुलीतला निखारा नाणं समजून खिशात घालायला निघाले. एकदा रुळांच्या कडेनं ठाकुर्लीपर्यंत पोचलेले. माझी बायको शेवटी म्हणाली, "मी थकले हो. ठेवूनच या आता." तिचंही काय चुकलं?

दादांना म्हटलं, "चला, इस्पितळात माल पोचवायचाय." टांग्यात बसलो. बोचकं माझ्या मांडीवर.

बाबूनं ते पाहिलं. हळूच म्हणाला, "शेठ... परत किती?"

मीही खाली बघितलं. दादांनी माझा हात घट्ट धरला.

"दोघं. हा माझा धाकटा भाऊ. घाबरट आहे. याला एकट्याला मी तिथं सोडणार नाही."