विचाराधीन राजा

“विचाराधीन!” असं म्हणत आमचे नाकेदार भाऊ मोबाइल टेबलावर पालथा टाकायचे. मोबाइलमधला संगणक बुद्धिबळाची चाल शोधत असला तरी विचाराधीन, आणि वरच्या कचेरीत पडलेला त्यांचा बदलीचा अर्ज तर कायमचाच विचाराधीन. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

गोंडपिपरीच्या रस्त्यावर जंगलखात्याचा तपासणी नाका होता. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि एसटी येईपर्यंत त्यांच्याकडे बसायचो. त्यांची बायको वडशाला, लकव्यानं अंथरुणाला खिळलेली; बदली मागितली होती ती तिथलीच. दांडा खाली सोडून ट्रक थांबवताना ते म्हणायचे, “अडवनारा मी, अन् अडकून राह्यलो बी मीच, गुरुजी.”

मोबाइलच्या चाली ते लाकडी पटावर मांडायचे. एका डावात त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला. तो डाव त्यांनी मोडलाच नाही. चहाचे कप आले-गेले, पट मात्र जागचा हलला नाही.

एकदा मी शहाणपणा पाजळला. क्वांटम संगणक येतोय म्हणालो, तो सगळ्या वाटा एकदम बघतो.

“मंग माह्या राजाले बी वाट सापडन?”

“सापडेल की!” मी बोलून गेलो.

“मंग एक साहेबाच्या टेबलावर बी बसवा ना!”

आम्ही खूप हसलो. पण त्यानंतर रोज तेच, “आलं का तुमचं मशीन?” शेवटी मला खरं सांगावं लागलं. बुद्धिबळात ते यंत्र कितपत चालेल हे अजून कुणालाच ठाऊक नाही. आणि डाव हरलेलाच असेल तर कोणतंही यंत्र राजाला वाट काढून देणार नाही. फार तर लवकर सांगेल.

ते पटाकडे बघत राहिले. “वाट नाई, हे तरी लवकर सांगावं ना कोनी. मंग मानूस दुसरं काई पाह्यते.” मला माझ्या बढाईची लाज वाटली.

दिवाळीच्या आधी त्यांची बायको गेली. तेरवी आटोपून भाऊ परत आले, तर टेबलावर बदलीचा आदेश. वडसा. खाली ‘रुजू होण्याची तारीख’ असा रकाना होता. त्यांनी पेन काढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं : विचाराधीन.

महिन्याभरात ते नोकरी सोडून गेले. नवा नाकेदार पट आवरत होता, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. सगळी प्यादी, हत्ती, उंट जागच्या जागी होते. कोपऱ्यातलं घर तेवढं रिकामं होतं.