वंदना आली की आधी पाणी मागायची

गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होते तेव्हा माझा मुलगा संजय वर आला. हातात फोन, चेहरा उतरलेला. मीच विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, जळगावची वंदना. लॉन्सवर एका लग्नाचं काम चालू होतं, खुर्च्या मांडून घेत होती, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. मी उरलेलं पीठ सुनेच्या हाती दिलं, साडी बदलली आणि गाडीत जाऊन बसले. दोंडाईच्याहून अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, तरी संजयने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. वंदनाच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नव्हते. मला नीट बोलावलं नाही म्हणून रुसून बसले होते, आणि ते रुसणं त्या दिवशीही सुटलेलं नव्हतं. मरणाला कोणी बोलवायला येत नाही, तिथे मात्र मी न बोलावता निघाले होते.

वंदना माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि लग्नकार्यात फुईला मोठा मान असतो. तो मान मी आयुष्यभर पुरेपूर वसूल केला. माहेरी एक कार्य असं झालं नाही ज्यात मी रुसले नाही. कधी साडी हलकी वाटली, कधी हळदीला हाक उशिरा आली, एकदा तर माझ्याआधी दुसऱ्या कोणाला पाट दिला एवढ्यावरून. मग मी मागच्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी भिंतीकडे तोंड करून बसायची. भाऊ यायचा, वहिनी यायची, चल गं, चूक झाली, माफ कर, असं म्हणायचे, आणि मी जास्तच ताठ व्हायची. शेवटी ते वंदनाला पाठवायचे. सहा-सात वर्षांची असेल. ती चल म्हणायची नाही, माफीही मागायची नाही. कंगवा आणि रिबीन घेऊन माझ्यासमोर पाठ करून बसायची आणि म्हणायची, “फुई, मनी येनी घाली दे ना.” आता पोरीची वेणी घालायला कोण नाही म्हणेल? तिचे केस दाट, गुंता फार. गुंता सोडवता सोडवता ती बाहेर काय काय चाललंय ते सांगायची, कोणाचं धोतर सुटलं, कोणी किती मांडे खाल्ले. दुसरी वेणी होईपर्यंत मी हसत असायची. मग आम्ही दोघी मांडवात जायचो, जणू काही झालंच नव्हतं.

लग्न करून ती धुळ्याला गेली. नवरा सरकारी दवाखान्यात कारकून होता, साधा माणूस, लवकर गेला. तिने शेजाऱ्यांची रुखवतं मांडून द्यायला सुरुवात केली, मग बारशी, डोहाळजेवणं, साखरपुडे. तेव्हा मी म्हणायची, लोकांच्या घरात खुर्च्या मोजत फिरते, हा काय धंदा झाला? ती हसायची. पुढे मुलीला घेऊन जळगावला गेली आणि मोठमोठी लग्नं घ्यायला लागली, लोक तिला मॅडम म्हणायला लागले. तिची काम करायची रीत मी जवळून पाहिली आहे, कारण मांडे करायला ती मला बरोबर न्यायची. हॉल ठरला की ती मालकाआधी तिथल्या वॉचमनला आणि जनरेटरवाल्याला भेटायची, त्यांच्या पोरांची नावं लक्षात ठेवायची. कार्यक्रमात कोणाच्या हातात आपलं कार्ड देत नसे. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी, मांडव सोडत असताना पुन्हा जायची. लग्नघरातली माणसं तेव्हा थकून बसलेली असतात, काय चुकलं ते खरं सांगतात, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या घरी कार्य आहे तेही तिथेच कळतं, असं ती म्हणायची. दुसऱ्या कोणाच्या कामाला तिने कधी नाव ठेवलं नाही. विचारलं तर म्हणायची, त्यांच्याकडे त्या दिवशी अडचण आली असेल.

पण सगळ्यात आधी, डेकोरेशनच्याही आधी, ती एक गोष्ट विचारायची. तुमच्याकडे रुसतं कोण? लोक आधी हसायचे, मग एकमेकांकडे बघायचे आणि मग हळूच नाव सांगायचे. प्रत्येक घरात एक असतोच. त्या माणसाच्या घरी ती लग्नाच्या कितीतरी आधी जायची. गेली की पहिल्यांदा पाणी मागायची, तहान असो नसो. मी एकदा तिला त्यावरून बोलले तर म्हणाली, “पाणी मागितलं की समोरच्याला उठावं लागतं, फुई. आणि उठलेला माणूस निम्मा राजी झालेला असतो.” मग ती त्याला काहीतरी काम सांगायची. धुळ्याच्या एका लग्नात नवरदेवाचे काका पत्रिकेत नाव खाली टाकलं म्हणून जेवायला तयार नव्हते. ती त्यांना म्हणाली, नाना, तो घोडीवाला कोणाचं ऐकत नाही, वरात तुम्हीच सांभाळा, बाकी कोणाला जमणार नाही. नाना खांद्यावर उपरणं टाकून घोडीपुढे असे चालले की नवरदेवापेक्षा त्यांचेच फोटो जास्त निघाले. जेवलेही दोनदा. आम्ही स्वयंपाकघरातून बघत होतो आणि तोंडाला पदर लावून हसत होतो. ती हे कुठून शिकली ते माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही.

मग तिच्या मुलीचं, नेहाचं लग्न ठरलं. आमच्याकडे फुईला बोलवायला घरचं माणूस येतं, हळद-कुंकू लावतं, हातात अक्षता देतं. वंदनाने ड्रायव्हरबरोबर पत्रिका आणि मिठाई पाठवली आणि फोन केला. त्या आठवड्यात तिच्याकडे दोन मोठी कामं होती. मी फोनवर हो हो म्हणाले आणि गेले नाही. संजय गेला. त्याने परत येऊन सांगितलं की वंदनाने हळद थांबवून धरली होती. जिचा एकही कार्यक्रम कधी उशिरा सुरू झाला नाही, ती स्वतःच्या घरात दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. भटजी रागावले, मुलाकडचे कुजबुजायला लागले, तेव्हा कुठे तिने फुईच्या मानाची पहिली हळद दुसऱ्या कोणाला लावायला सांगितली. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

ती मला मनवायला आली. एकदा नाही, तीनदा आली. पहिल्यांदा बसली, म्हणाली, “तू रुसशी असं माले वाटनंच नही, फुई.” मी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्यांदा नेहाच्या डोहाळजेवणाचं निमित्त घेऊन आली, मांडे फुईच्या हातचेच हवेत म्हणाली. मी म्हणाले, “तुना धंदाना डाव मनावर नको टाकू,” तुझ्या धंद्यातली युक्ती माझ्यावर चालवू नको. तिचा तेव्हाचा चेहरा मला आठवतो. तिसऱ्यांदा आली तेव्हा काहीच काम आणलं नव्हतं, नुसती येऊन ओट्यावर बसली. पाणी मागितलं. मी जागची हलले नाही. सुनेला हाक मारून पाणी द्यायला सांगितलं आणि तिला विचारलं, “काय काम काढं व?” म्हणजे काम घेऊन आली तर तो डाव, आणि बिनकामाची आली तर काम विचारायचं. तिला आत यायला मी कोणतीच वाट ठेवली नव्हती. सुनेने आणलेलं पाणी तिने सगळं पिऊन टाकलं, पेला धुऊन पालथा घातला आणि गेली. पुन्हा आली नाही.

त्या दिवशी जळगावला पोहोचले तेव्हा घरासमोर माणसं मावत नव्हती. मंडपवाले, फुलवाले, आचारी, बँडवाले, वॉचमन. नेहा माझ्या गळ्यात पडली, फुईआजी म्हणून रडली. मला कोणी काही बोललं नाही, कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं. दोन-तीन दिवसांनी दुखवट्याला दारावर बसलेलो असताना वंदनाच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींपैकी एक माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “तुम्हीच का त्या वेणीच्या फुई?” मला कळेना. तिने सांगितलं, मॅडम प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायच्या. रुसलेल्या माणसाची माफी मागू नका, त्याला काम द्या, हे मी माझ्या फुईची समजूत काढता काढता शिकले, माझा सगळा धंदा त्या वेणीवर उभा आहे. सगळ्या मुली माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मग तीच मुलगी म्हणाली, आम्ही एकदा मॅडमना विचारलं होतं, तुम्हाला मनवता आलं नाही असं कोणी आहे का? मॅडम म्हणाल्या, एक आहे. पण चूक माझी आहे. गिऱ्हाइकाच्या घरचे रुसणारे मी आधी विचारून घेते, माझ्या घरचं विचारायचं राहिलं.

त्या मुलींना माहीत नव्हतं की ती एक आणि वेणीची फुई एकच. वंदनाने नाव सांगितलं नव्हतं. मी तेव्हा म्हणाले, हो, मीच ती वेणीची. पुढचं बोलले नाही. त्यांनी माझ्या पाया पडून घेतलं आणि मी पडू दिलं. या वयात आणखी खोटं घेऊन फिरायचं नाही म्हणून इथे लिहिते. मुलींनो, वाचत असाल तर ऐका, त्या दोन्ही मीच.

गेल्या महिन्यात नेहा आली. आईचं काम तिनेच चालवायला घेतलंय. पारोळ्याचं एक लग्न होतं, आईनेच घेतलेलं. तिथे नवरीची फुई रुसून बसली होती, कोणाच्या बोलण्यात येत नव्हती, आणि मुलीचा बाप नेहाला म्हणत होता की तुमच्या आई असत्या तर हे झालं नसतं, आम्ही दुसरं कोणी बघतो. हे काम गेलं असतं तर तिथूनच आलेली पुढची दोन कामंही गेली असती. नेहा म्हणाली, “फुईआजी, मला जमत नाही. तू चल.” मी म्हणाले, मला मनवता येत नाही, मला फक्त रुसता येतं. ती म्हणाली, तेच माहीत असलेलं माणूस हवंय.

गेले. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत घर होतं. माझ्याच वयाची बाई, भिंतीला टेकून, पाय लांब करून, तोंड दुसरीकडे. मी तिला ओळखलंच म्हणायचं. सून दारात उभी होती, पोरं इकडेतिकडे होती. नेहा माझ्याकडे बघत होती. ठरवून आलेलं सगळं विसरले. मग मी उंबऱ्याच्या आत बसले आणि म्हणाले, बाई, पाणी मिळेल का?

सून आत वळली. त्या बाईने तिला हाताने थांबवलं. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून ती स्वतः उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. माझ्यापेक्षा ती बरी निघाली.